जस्ताची कांडी

६ फेब्रुवारी

तोंडानं बोललं की घरात भांडण होतं, म्हणून आजपासून लिहिणार आहे. शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे अक्षर गिचमिड. ते एका परीनं बरंच आहे. कुणी उघडून बघितलं तरी लागायचं नाही.

आज माझ्या गाडीतून इंजिन उतरवलं. गॅरेज होतं तोवर गावभरच्या गाड्या दुरुस्त केल्या, पण या इंजिनाला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. तेल मी बदलायचो, झडपा मी लावायचो. आमची ही त्या गाडीला सवत म्हणायची. "सवतीची आंघोळ झाली असेल तर जेवायला या," असं अंगणातून ओरडायची. पुढे ही गेली. मग गाडीचा पत्रा कुजला, दारं लोंबायला लागली. इंजिन मात्र अजून पहिल्या चावीला बोलतं.

मुलीनं आणि जावयानं धक्क्याजवळ शेड घेऊन धंदा काढलाय. जुन्या मोटारींची इंजिनं हौशी लोकांच्या बोटींत बसवायची. पहिली बोट एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची आहे. त्यांना सुट्टीच्या दिवशी समुद्रावर फेरी मारायची असते. मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी तर कुजलीच. इंजिन तरी फिरू दे." मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

बोट पाऊस लागायच्या आत नीट चालली तर बाई ती घेणार. नाही चालली तर बाई दुसरीकडे जाणार आणि माझं इंजिन भंगारवाल्याच्या काट्यावर. जावई असं बोलला नाही, पण त्याच्या मनात तेच असणार.

९ फेब्रुवारी

जावयानं रेडिएटर काढून कोपऱ्यात उभा केला. पंखाही काढला. म्हणाला, "बोटीत वारा कुठून येणार, बाबा?"

मी म्हटलं, "मग गार कसं होणार?"

त्यानं एक पितळेचं जाडजूड नळकांडं दाखवलं. आत तांब्याच्या बारीक नळ्या, जवळजवळ लावलेल्या. इंजिनातलं गोडं पाणी नळ्यांच्या बाहेरून फिरणार आणि समुद्राचं खारं पाणी नळ्यांच्या आतून जाणार. दोन्ही पाण्यांनी एकमेकांना शिवायचं नाही, नुसती पाठीला पाठ लावून उष्णता देवघेव करायची. ऐकायला छान आहे. एका घरात राहून एकमेकांना न शिवणारी माणसं मी पाहिली आहेत. कधी ना कधी शिवतातच.

जावई बारा गावचं पाणी प्यालेला आहे. जहाजांच्या इंजिनखोलीत होता असं सांगतो. तिथे काय करत होता हे आपल्यापैकी कुणी पाहिलंय? बोलतो कमी. जो कमी बोलतो त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नसतं, नाहीतर न सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

शेडच्या दाराला कडी आहे पण खिट्टी नाही. तिथे एक मोडका पेचकस अडकवून ठेवतात. मी चारदा सांगितलं. "बघू," म्हणतो.

१७ फेब्रुवारी

आज इंजिन बोटीत उतरवलं. साखळीला लटकत होतं तेव्हा मी डोळे मिटले होते. बसलं व्यवस्थित.

ज्या वाहनाला ब्रेक नाही त्यावर माणसं बसवायची, ही कल्पनाच मला पटत नाही. मी तसं बोललो. मुलगी हसली, "बाबा, समुद्रात सिग्नल नसतात." जावई म्हणाला, "ब्रेक नाही आणि उतारही नाही. बोटीचं इंजिन कायम चढावर असतं, बाबा. गाडीला मध्येमध्ये उसंत मिळते, हिला मिळत नाही."

म्हणजे माझ्या म्हाताऱ्या इंजिनाला जन्मभर घाट चढायला लावणार, आणि हे मला आत्ता सांगतो, इंजिन बोटीत गेल्यावर.

१८ फेब्रुवारी

इंजिन सुरू करण्याआधी तो एक छोटा पंखा लावून नुसता उभा राहतो. म्हणे तळाशी साचलेली पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ दे. त्या आवाजात तो फोनवर बोलत होता. मला एक शब्द ऐकू आला नाही.

२ मार्च

बोट पाण्यात आहे. रोज थोडी फिरवतात आणि परत शेडमध्ये ओढून ठेवतात. मी धक्क्यावर बसून आवाज ऐकतो. आवाज ठीक आहे. थोडा घोगरा झालाय, पण पाण्यावर सगळ्यांचाच आवाज तसा येत असेल.

त्या पितळी नळकांड्याच्या टोकाला एक बूच आहे. बुचाला आतल्या अंगानं जस्ताची कांडी लावलेली, बोटाएवढी. बसवली तेव्हा मी हातात घेऊन पाहिली होती. गुळगुळीत, कोरी. आज कुणी नव्हतं म्हणून बूच उघडून पाहिलं, तर कांडी निम्मी. टोक असं, की उंदरानं कुरतडलंय.

मी बूच परत बसवलं आणि कुणाला काही बोललो नाही.

३ मार्च

रात्रभर विचार केला. तीन गोष्टी असू शकतात. एक, कुणी कोरी कांडी काढून नेली आणि वापरलेली बसवली. दुसरी, मुळात हलक्या मालाची आणली आणि मुलीला भारी मालाची सांगितली. तिसरी मला सुचली नाही, पण असणार.

४ मार्च

सरळ विचारलं. म्हटलं, "जावईबापू, ती कांडी निम्मी झाली आहे."

तो गडबडला नाही. ते मला जास्त खटकलं. म्हणाला, "झाली का? मग पुढच्या आठवड्यात बदलू. ती झिजायलाच बसवलेली असते, बाबा. खारं पाणी तिला खातं, म्हणून तांब्याला खात नाही."

मी मान हलवली. मान हलवणं वेगळं आणि पटणं वेगळं. आयुष्यभर गॅरेज चालवलं. जे झिजलं ते बिघडलं, एवढं मला कळतं. मुद्दाम झिजायला एखादा भाग बसवतात, असं गिऱ्हाइकाला सांगायची माझी तरी हिंमत झाली नसती.

धक्क्यावर एक म्हातारा नाखवा जाळं शिवत बसतो. त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, "समुद्राला काहीतरी चघळायला द्यावं लागतं. नाही दिलं तर तो आपलं आपण शोधतो."

"हे तुम्हाला आमच्या जावयानं सांगितलं का?"

"कोण जावई?" म्हणाला.

जावई रोज सकाळी त्याच्याकडूनच विडी पेटवून घेतो. कोण जावई म्हणे.

११ मार्च

कांडी बदलली. नवी बसवताना मी शेजारी उभा होतो. नखानं कुणाला दिसणार नाही अशी खूण केली.

२३ मार्च

खूण नाही. खूण होती तो भागच नाही. कांडीच्या अंगावर खड्डे पडलेत आणि पांढरी भुकटी जमली आहे.

मुलीला सांगायला गेलो. ती बाकाखाली वायरी ओढत होती. तोंडात टेप धरून म्हणाली, "बाबा, ती गोळीसारखी असते. विरघळली तर काम करतेय म्हणायचं."

"तू पाहिलंस का कधी असलं?"

"त्यानं पाहिलंय ना."

झालं. त्यानं पाहिलंय म्हणजे देवानं पाहिलंय. लहानपणी हिला मी इंजिनावर कान ठेवून बिघाड ओळखायला शिकवलं. आता कान त्याच्याकडे आहेत.

२६ मार्च

लेथवाल्याकडे गेलो. जुना ओळखीचा. त्याला बुचाचं माप दिलं आणि चांगल्या जाड स्टेनलेसची कांडी कातून मागितली, तेच आटे, तीच लांबी.

"आजोबा, हे चंद्रावर बसवताय का काय? हे तुमच्या नातवाच्या नातवालाही झिजायचं नाही."

"तेच पाहिजे," मी म्हटलं.

२७ मार्च

सकाळी शेडमध्ये मी एकटा होतो. जस्त काढलं, स्टेनलेस बसवलं. एक पीळ जास्तच दिला. आता काढून नेण्यासारखं काही नाही आणि झिजण्यासारखंही काही नाही. जावयानं उघडून पाहायच्या आधी मीच म्हणालो, "बुचाकडे मी बघतो, तुमच्यामागे बाकीची कामं आहेत."

तो लगेच म्हणाला, "बरं झालं बाबा, तेवढंच एक ओझं माझ्या डोक्यावरून उतरलं."

एवढ्या लगेच कशाला हो म्हणावं?

आज जेवण गेलं. दुपारी झोपही लागली.

१२ एप्रिल

बूच उघडलं. कांडी लख्ख. तोंड बघावं अशी. म्हणजे खारं पाणी खातं वगैरे सगळं थोतांड होतं हे सिद्ध झालं. कुणाला सांगितलं नाही. योग्य वेळ आली की समोर ठेवीन.

१५ एप्रिल

डॉक्टरीणबाई बोट पाहायला आल्या होत्या. बाई हसतमुख, पण हसताना समोरच्याचे दात मोजतात. मी जांभई दिली तर लगेच म्हणाल्या, "आजोबा, ती मागची स्टीलची टोपी कुणी बसवली?"

मी म्हटलं, "फार जुनी आहे. काही त्रास नाही."

"तिच्या शेजारच्या दातात चांदी भरलेली दिसते. जीभ लागली की झिणझिण्या येतात?"

येतात. पण मी नाही म्हटलं.

"तोंडात लाळ असते ना. ओल्यात दोन धातू शेजारी ठेवले की त्यांचं भांडण सुरू होतं. त्यातला नरम असतो तो झिजतो, कडक तसाच्या तसा राहतो. एकदा येऊन दाखवा."

म्हणजे बोट घ्यायला आल्या आणि जाताना गिऱ्हाईक करून गेल्या. जावई बाजूला उभा राहून मान हलवत होता. काय ठरलंय दोघांत कोण जाणे. मी काही जाणार नाही.

२८ एप्रिल

नवीन भानगड. गोड्या पाण्याची टाकी इंजिनाच्या डोक्यावर आहे. त्यातलं पाणी मी रोज पाहतो, जुनी सवय. पाणी कमी होतं, हे मला माहीत आहे. आमच्या धंद्यात पाणी कमीच होतं. पण इथे ते वाढतंय. काल झाकणाच्या चार बोटं खाली होतं, आज दोनच बोटं खाली आहे.

पाणी आपोआप वाढत नाही. कुणीतरी गुपचूप ओततंय. कुणी ओतेल? ज्याला गळती लपवायची आहे तो. म्हणजे नळकांडं कुठेतरी गळतंय, जावयाला ते माहीत आहे, आणि मला कळू नये म्हणून तो भरून ठेवतो.

खडूनं टाकीवर रेघ मारली.

३० एप्रिल

रेघेच्या वर.

२ मे

पहाटे शेडमध्ये जाऊन दोरखंडांच्या ढिगामागे बसलो. गुडघे भरून आले. पेचकसाची ती खिट्टी कुणीही काढून आत येऊ शकतो, मी आलो तसा. कुणी आलं नाही. एक मांजर आलं, माझ्याकडे पाहून परत गेलं.

मग जावई आला. मला दोरखंडात बसलेलं पाहून त्याला काही नवल वाटलं नाही. "बाबा, चहा घेतलात का?" एवढंच. मी म्हटलं, "आज मी बोटीत येणार." तो म्हणाला, "या की."

त्याला टाळता आलं नाही.

३ मे

काल पुढचं लिहायचं राहिलं.

बोटीत मी इंजिनाला चिकटून बसलो होतो. निघताना पाणी खडूच्या रेघेच्या जरासंच वर होतं, स्वतः पाहिलं. जावई सुकाणूवर, टाकीपासून लांब. मुलगी पुढे. टाकीच्या झाकणावर माझा हात होता, गरम लागलं की दुसरा हात ठेवायचो. कुणी तिथे फिरकलं नाही. परत येऊन धक्क्याला लागलो, इंजिन बंद केलं, गार होऊ दिलं आणि झाकण उघडलं.

पाणी काठोकाठ.

ओतणारं कुणी नव्हतं. मीच होतो तिथे. मग बोट बुडवून जिभेवर ठेवलं.

खारट.

माझ्या इंजिनात समुद्र शिरला होता.

मी ओरडलो असेन, कारण दोघंही धावत आली. जावयानं पाणी चाखलं, थुंकलं, आणि क्षणभरही न थांबता धक्क्यावरचा नळ लावून पाइप ओढून आणला. खालची चावी सोडली. तांबूस पाणी आलं, गंजाचं. बराच वेळ तेच येत राहिलं. तो म्हणाला, "गोडं पाणी सोडत राहायचं, थांबायचं नाही. बीड आहे, ओतीव लोखंड, मिठात एक रात्र राहिलं तर आतून फोडासारखं फुटेल." त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

मी पाइप धरला. संध्याकाळपर्यंत कुणाला धरू दिला नाही.

४ मे

आज नळकांडं खोललं. बाकावर आडवं ठेवलं होतं. मी, मुलगी आणि तो. तांब्याच्या नळ्या टोकांशी चाळणीसारख्या झालेल्या. झाळलेले सांधे कुणीतरी चावून घेतल्यासारखे.

मग त्यानं बूच फिरवलं. मी जास्तीचा एक पीळ दिला होता, म्हणून जोर लावावा लागला. कांडी बाहेर आली, लख्ख. ओरखडा नाही. एवढ्या विध्वंसातून ती एकटीच सासरी निघाल्यासारखी नटून आली होती.

मला डॉक्टरीणबाई आठवल्या. ओल्यात दोन धातू. नरम झिजतो, कडक तसाच राहतो. नाखवाही आठवला.

जावयानं ती कांडी बोटांत धरली, उजेडाकडे फिरवली. त्याला कळलं. कळणारच. मुलगी नळ्या बघत होती. "हे कशानं झालं? जस्त कुठे गेलं?"

त्यानं कांडी मुठीत घेतली, मूठ फडक्यात आणि फडकं खिशात. म्हणाला, "जस्त संपलं होतं. माझ्याकडून बघायचं राहिलं."

ती त्याला वाटेल ते बोलली. "जहाजावर एवढी वर्षं काढलीस, आणि एक कांडी बघता आली नाही? बाबांनी जीव लावलेलं इंजिन आहे ते. बाईंना मी काय सांगू आता?" तो खाली मान घालून ऐकत राहिला.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "बाबा, जरा तो पान्हा द्या."

पान्हा त्याच्या हाताशीच पडला होता.

७ मे

तीन दिवस मी एकच हिशेब करतोय. त्यानं सांगितलं का नाही? मी त्याच्या जागी असतो तर कांडी बाकावर आपटून सगळ्यांना दाखवली असती. त्यानं ती खिशात ठेवली. खिशात कशाला ठेवतात? वेळेला काढायला. म्हणजे आता मी त्याच्या मुठीत आलो. एखाद्या दिवशी मी काही बोलीन आणि तो हळूच खिशात हात घालील.

मुलगी त्याच्याशी धड बोलत नाही. तो जेवून मुकाट भांडी घासतो.

१३ मे

नवं नळकांडं आलं. बाईंना मुलीनं फोन केला. त्या म्हणाल्या, थांबते, पण पाऊस लागेपर्यंतच. इंजिन उघडून पाहिलं. आत तांबूस डाग आहेत, पण बीड शाबूत आहे. जावई म्हणाला, "बाबा, त्या दिवशी तुम्ही जीभ लावली नसती तर गेलंच होतं." मुलीसमोर म्हणाला. मुद्दाम, मोठ्यानं.

हे टोमण्यात धरायचं की कशात, मला ठरवता येईना.

१९ मे

पहिल्या चावीला बोललं. घोगरेपणा गेला. मी तोंड फिरवून रेडिएटरवरची धूळ पुसत बसलो.

२७ मे

मी मुलीला सांगायचं ठरवलं. शेडमध्ये गेलो. ती म्हणाली, "काय रे बाबा?" मी म्हटलं, "चहा टाकतेस का?" चहा घेऊन परत आलो.

५ जून

बाई बोट घेऊन गेल्या. त्यांचा नवरा आणि कुत्राही होता. धक्क्यावरून आवाज ऐकू येईपर्यंत मी उभा होतो आणि नंतरही जरा वेळ. सवत सासरी गेली म्हणायची. जाताना बाई म्हणाल्या, "आजोबा, दात दाखवायला या." म्हटलं, येतो. त्यांनी दिवस विचारला तर तोही सांगितला.

जावयानं संध्याकाळी एक पुडकं माझ्या हातात दिलं. आत जस्ताच्या नव्या कांड्या. "बाईंची बोट दर महिन्याला तपासायला येईल. हे काम तुमच्याकडे, बाबा. निम्मी झाली की बदलायची. तुमच्याइतकं बारकाईनं बघणारं दुसरं कुणी नाही."

तोंडावर हसू नव्हतं. मी नीट पाहिलं.

९ जून

आज शेडमध्ये गेलो तर दाराला पेचकस नव्हता. कडीत नवी खिट्टी होती. जाड, लख्ख, वरच्या टोकाला भोक पाडून साखळीनं दाराला अडकवलेली. हातात घेताच ओळखलं. माझेच आटे.

मुलगी म्हणाली, "बाबा, झाली ना तुझ्या मनासारखी कडी? आता गंजायचीही नाही." ती दिवसभरात वीस वेळा त्या खिट्टीला हात लावून गेली. तिला काही माहीत नाही. माहीत असलेले आम्ही दोघंच.

म्हणजे त्यानं ती खिशातून काढली, आणि अशी काढली. याच्यामागे काय असेल याचा दिवसभर विचार केला. दार उघडताना तो माझ्याकडे बघतो का, हे मी बघत बसलो. त्यानं खिट्टी काढली, दार लोटलं, आत गेला. एकदाही वळून बघितलं नाही.

मला अजून काही सापडलेलं नाही. उद्या जरा लवकर जाऊन चहा मीच टाकीन म्हणतो, त्याच्यासाठीही. समोर बसला की कळेल.